गोव्याचे खाणपट्टे आणि संसदेची घाई

गोव्यातील लोहखनिजाचा इतिहास लिहिताना निर्यातीचे आकडे आवर्जून दिले जातात. परंतु ज्या कायद्यांनी ही माती उपसण्याचा अधिकार दिला, त्यांची जन्मकथा क्वचितच सांगितली जाते. भूगर्भातील संपत्ती एकदा काढली की पुन्हा निर्माण होत नाही. म्हणून तिच्या वाटपाचा कायदा इतर कायद्यांहून अधिक विचारपूर्वक व्हावा, अशी अपेक्षा कोणीही करील. गोव्याचा अनुभव मात्र निराळा आहे.

पोर्तुगीज राजवटीत २० सप्टेंबर १९०६ च्या हुकूमनाम्यान्वये खाणींच्या सनदा दिल्या जात. त्यांना ठरावीक मुदत नसे. अटी पाळल्या की हक्क चालू राही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारतात त्या वेळी १९५७ चा खाणी व खनिजे अधिनियम अमलात होता. त्याची दृष्टी वेगळी होती: खनिजाचा हक्क मुदतबंद पट्ट्याने द्यावयाचा आणि मुदत सरताच त्याचा पुनर्विचार करावयाचा. या दोन व्यवस्थांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न पाव शतक लोंबकळत राहिला. तोवर डिचोली, सत्तरी, सांगे येथील खनिज मांडवी-जुवारीतून बार्जनी मुरगाव बंदरी जातच होते.

अखेर संसदेने सनदा रद्द करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा अधिनियम केला. त्यास राष्ट्रपतींची संमती २३ मे १९८७ रोजी मिळाली; ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाले. संघप्रदेश असल्याने तोवर गोव्याचे लोकसभेत, दमण व दीवसह, दोनच सदस्य होते. राज्यसभेत एकही नव्हता. जे सभागृह प्रदेशांचा आवाज ऐकण्यासाठी योजिले आहे, तेथे या कायद्याच्या वेळी गोव्याचा प्रतिनिधीच नसावा, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पंचवीस वर्षे थांबलेल्या प्रश्नास नव्या राज्याचा आवाज ऐकण्यापुरते थांबता आले नसते काय?

या अधिनियमाने सनदा २० डिसेंबर १९६१ पासून पूर्वलक्षी प्रभावाने पट्टे मानल्या. त्यावर खटले उभे राहिले. पट्ट्यांची मुदत नेमकी केव्हा संपली, याचा निर्णय २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयास द्यावा लागला: मूळ मुदत २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपली, आणि वीस वर्षांचे पहिले नूतनीकरण धरले तरी २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या होत्याच. पुढे १९६१ ऐवजी १९८७ हे वर्ष धरावे, म्हणजे पट्टे २०३७ पर्यंत टिकतील, अशीही मागणी झाली. ज्या दिनांकावर सभागृहात कसून विचार व्हावयाचा, त्यावरचा वाद तीस वर्षांनंतरही शमला नव्हता.

यापासून धडा घेतला गेला काय? १२ जानेवारी २०१५ रोजी वटहुकूम निघाला. नूतनीकरण बंद करून नवे पट्टे लिलावानेच द्यावेत, हे त्याचे तत्त्व योग्यच होते. परंतु त्याच्या आधीच्या थोड्या आठवड्यांत, आणि त्या दिवशीही, गोवा सरकारने जुन्या पट्ट्यांची नूतनीकरणे उरकली; अशी एकंदर ८८ होती. इकडे संसदेचे अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकुमाची जागा अधिनियमाने घेतली नाही तर तो गळून पडतो. या घटनात्मक मुदतीचा बोजा सभागृहावर पडला. लोकसभेने ३ मार्च रोजी विधेयक संमत केले. राज्यसभेने ११ मार्चला ते प्रवर समितीकडे धाडले, १८ मार्चला अहवाल आला आणि २० मार्चला विधेयक संमत झाले. एका आठवड्यात समितीने खाणकाठच्या कोणत्या गावाचे म्हणणे ऐकावे? ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ८८ नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चच्या मध्यास खाणी पुन्हा थांबल्या.

त्यानंतरही वेग कमी झाला नाही. २०२३ ची दुरुस्ती लिथियमसारख्या महत्त्वाच्या खनिजांविषयी होती. ती २६ जुलैस मांडली गेली, २८ जुलैस लोकसभेत आणि २ ऑगस्टला राज्यसभेत संमत झाली. विधेयकाचा मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, असे धोरण केंद्रानेच २०१४ मध्ये ठरविले होते. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि ते न पाळल्याने विधेयक अडत नाही.

उद्योग थांबू नये म्हणून त्वरा हवी, हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. ट्रकवाला आणि बार्जवरचा खलाशी यांची चूल खाणीवर पेटते. परंतु २०१२ आणि २०१८ मध्ये त्यांच्याच चुली विझल्या, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्या विहिरी आटल्या, ज्यांच्या शेतांत खाणीचा गाळ साचला, त्यांचे गाऱ्हाणे तर न्यायालयाच्या दारातच ऐकले गेले. सभागृहाने वाचविलेले दिवस न्यायालयाने वर्षांच्या हिशेबाने वसूल केले.

नागरिकशास्त्र शिकविताना विधेयकाच्या तीन वाचनांचा क्रम आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्या तीन वाचनांमध्ये किती दिवस गेले आणि तेवढ्या अवधीत कोणाला विचारले, हेही त्यांना शोधावयास सांगावे. डिचोली-सांग्याचा इतिहास त्या उत्तरातच दडलेला आहे.