फिजिक्स वाया गेलं का?

मंडळी, दिवाळीत अंबाजोगाईला गेलो होतो. फराळ झाला, गप्पा रंगल्या आणि काकांनी नेहमीचा प्रश्न टाकलाच. "एवढं एम.एस्सी. फिजिक्स केलंस अन् शेवटी कॉम्प्युटरच बडवतोस. मग ते फिजिक्स वायाच गेलं की रे!"

मी हसून चिवड्याची बशी पुढे सरकवली. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही अधूनमधून पडतो. माझ्या शिक्षणासाठी अण्णांनी बरीच ओढाताण सोसली. त्याचं काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून तर जास्तच टोचतं. पुण्याला परतल्यावर म्हटलं, जरा इतिहास चाळून बघू. माझ्यासारखे आणखी कोण कोण झाले?

सुरुवात मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्था 1945 साली उभी केली ती होमी भाभांनी, म्हणजे एका भौतिकशास्त्रज्ञाने. तिथल्या संशोधकांना प्रचंड आकडेमोड लागायची, आणि बाहेरून यंत्र आणणं सोपं नव्हतं. मग तिथल्या तरुणांनी आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली यंत्र स्वतःच बांधायला घेतलं. 1956 पर्यंत प्रायोगिक नमुना तयार झाला, 1960 साली पूर्ण यंत्र चालू झालं आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, 'टिफ्रॅक'. स्मृती किती? 40 बिटांचे 2048 शब्द. आज मोबाईलवर येणाऱ्या 'शुभ सकाळ'च्या चित्रालाही ती पुरायची नाही! त्या वेळी भारतात संगणकशास्त्राची पदवी कोणाकडेच नव्हती. जो तो आपलं मूळ शास्त्र घेऊनच या कामात शिरला. म्हणजे हा संगणक आला तोच मुळी फिजिक्सच्या दारातून.

दुसरी गोष्ट जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतली. टिम बर्नर्स-ली 1976 साली ऑक्सफर्डमधून फिजिक्सची पदवी घेऊन बाहेर पडला आणि सॉफ्टवेअरमध्ये गेला. शिकत असतानाच त्याने जुन्या टीव्हीला डाग देऊन, जोडाजोड करून स्वतःचा कॉम्प्युटर बनवला होता. 1980 मध्ये सर्नमध्ये काही महिन्यांच्या कामावर असताना, कोण माणूस कोणत्या प्रयोगावर आणि कोणत्या प्रोग्रॅमवर काम करतो हे लक्षात ठेवायला त्याने स्वतःपुरता एक प्रोग्रॅम लिहिला. पुढे तीच कल्पना वाढवून मार्च 1989 मध्ये त्याने साहेबांपुढे प्रस्ताव ठेवला. साहेबांनी, म्हणजे माइक सेंडॉल यांनी, त्यावर शेरा मारला की मोघम आहे, पण उत्सुकता वाढवणारं आहे. रीतसर प्रकल्प मंजूर झाला नाही, पण पुढच्या वर्षी त्याला एक नवा कॉम्प्युटर मिळाला आणि 1990 च्या नाताळापर्यंत वेब चालू झालं! 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने ते सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं.

तिसरा माणूस कोलंबिया देशातला, फर्नांडो पेरेझ. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात कणभौतिकीत पीएच.डी. करत होता. 2001 च्या अखेरीस प्रबंध लिहायचा सोडून स्वारी एका वेगळ्याच उद्योगाला लागली. गणितं करत करत प्रयोग करता यावा म्हणून त्याने 'आयपायथन' नावाचं छोटं साधन लिहिलं. त्यातूनच पुढे 'ज्युपिटर' निघालं. कोड, आलेख आणि टिपणं एकाच वहीत ठेवायची ही सोय आज जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात.

आता गंमत बघा. 11 फेब्रुवारी 2016 ला लायगोने गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं. त्यासोबत कोणालाही तपासता यावी म्हणून आकडेवारी खुली केली, आणि ती तपासायच्या वह्या पेरेझच्याच साधनावर चालणाऱ्या होत्या. अशाच लहरी टिपणारी भारतातली वेधशाळा ठरली आहे ती आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. 2023 साली तिला केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली. काका, फिजिक्समधून सॉफ्टवेअरकडे गेलेली वाट फिरून आपल्याच अंगणात आली की हो!

माझा उद्योग मात्र फारच लहान आहे. 1972 चा दुष्काळ सोसल्यावर आजोबांनी केज तालुक्यातल्या आमच्या शेतावर पावसाची वही सुरू केली होती. पाऊस मोजायचे एका डब्यात, बोटांनी. ती वही मी रविवारी रविवारी कॉम्प्युटरवर चढवतोय. आजोबांचं बोट किती मिलिमीटरचं, डबा उन्हात राहिला तर किती पाणी उडून गेलं असेल, आणि म्हणून प्रत्येक आकड्यात किती चूक धरायची, हे सगळं आधी ठरवावं लागलं. ते काही मी नोकरीत शिकलो नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सर बजावायचे, नुसता आकडा लिहू नका, त्यातली चूकही लिहा. ते असं कामाला आलं.

पहिल्या दहा वर्षांचा आलेख अण्णांना पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "या सालच्या पावसाचा आकडा चुकलाय बघ. त्या वर्षी डबा गळका होता."

तर अजून एक दुरुस्ती करायची आहे. तूर्तास इतकंच.