साथीचे पहिले दिवस आणि सोलापूरचें घर

महामारीचा इतिहास लिहिण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. रोग कोणत्या बंदरांत उतरला, सरकारनें कोणता कायदा केला, किती माणसें दगावलीं आणि शेवटीं कोणत्या शास्त्रज्ञानें त्याचें मूळ हुडकून काढलें, एवढें सांगितलें कीं इतिहासकार आपली लेखणी खालीं ठेवतो. हें सर्व आवश्यक आहे यांत शंका नाहीं. परंतु साथ गांवांत आल्याची पहिली बातमी कानीं पडल्यावर त्या संध्याकाळीं घरांत काय बोलणें झालें, पीठ किती दिवसांचें उरलें आहे हें कोणीं पाहिलें, म्हाताऱ्या माणसाची खाट कोठें हलविली, शेजारणीकडून विरजण आणावें कीं आणूं नये याविषयीं सासूसुनांचें काय ठरलें, याची नोंद कोणत्याहि अहवालांत सांपडत नाहीं. वस्तुतः बहुतेक लोकांची साथ याच प्रश्नांत गेलेली असते. पटकीच्या वारंवार येणाऱ्या लाटा सोडून दिल्या तरी सोलापूर शहरानें सव्वाशें वर्षांत प्लेग, इन्फ्लुएन्झा आणि कोरोना अशा तीन मोठ्या साथी पाहिल्या. त्यांच्या आरंभींच्या दिवसांत घरें कशीं वागलीं, याचा थोडा विचार येथें करण्याचा आमचा हेतु आहे.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताचे रोगी आढळले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. पुण्यांत सोजिरांकरवीं घेतलेल्या घरझडत्या आणि त्याच वर्षीं २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला रँडवरील गोळीबार, हीं प्रकरणें मराठी वाचकास नव्यानें सांगावयास नकोत. सोलापूर हें मुंबई-पुण्याहून रायचूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गांव. ज्या गाडीनें कापूस आणि सूत जाई, त्याच गाडीनें मुंबईच्या गिरण्यांतले घाबरलेले मजूर परत येत. स्थानकास्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, संशयितांस अडकवून ठेवण्यांत येऊं लागलें. पण रोगास तिकीट लागत नाहीं. वर्ष-दोन वर्षांत तो दख्खनच्या बहुतेक शहरांत पोहोंचला, आणि सोलापूरहि त्यांतून सुटलें नाहीं.

त्या वेळचें सोलापूर डोळ्यांपुढें आणल्यावांचून पुढील गोष्ट समजणार नाहीं. १८७७ सालीं येथें कापडाची पहिली गिरणी निघाली. तीच पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. १८९१ मध्यें शहराची वस्ती सुमारें ६२ हजार होती, ती १९०१ मध्यें सुमारें ७५ हजार झाली. मधल्या दहा वर्षांत प्लेग आणि १८९९-१९०० चा दुष्काळ हीं दोन्ही अरिष्टें येऊन गेलीं असतां शहर वाढलें, याचें कारण पोटासाठीं खेड्यापाड्यांतून आणि तेलंगणांतून येणारी माणसें हेंच होय. घरें बहुधा माळवदाचीं. जाड मातीच्या भिंती, वर मातीचेंच छप्पर, उजेडाला एखादें सवणें. उन्हाळ्यांत हीं घरें गार राहतात म्हणून आम्ही त्यांचें कौतुक करितों; पण धान्याच्या कणगीमागें उंदरास याहून सुखाची जागा कोणती मिळणार? पुण्याकडे कौलें उतरवून घरांत ऊन घेण्याचा उपाय करीत. माळवदाच्या घराला तोहि उपाय नाहीं.

रोगाचा जंतु येर्सिन यानें १८९४ मध्यें हाँगकाँग येथें शोधला होता. उंदरावरील पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हें सीमोंनें कराचीस १८९८ मध्यें दाखविलें, आणि विद्वानांस तें पटण्यास आणखी आठ-दहा वर्षें लागलीं. आमच्या आयाबायांनीं मात्र इतकी वाट पाहिली नाहीं. ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द उच्चारले कीं घर सोडावयाचें, ही रीत महाराष्ट्रांत सर्वत्र रूढ झाली होती. आमच्या आजीच्या तोंडीं हे शब्द उतारवयांतहि असे येत, कीं जणूं कोणी दाराशीं आरोळी ठोकली आहे. शास्त्राच्या आधीं अनुभवानें शहाणें होण्याचें हें उदाहरण आहे. तथापि त्याच शहाण्या माणसांनीं देवीचा कोप शांत करण्यासाठीं गर्दीहि जमविली, हें विसरून चालणार नाहीं.

घर सोडून लोक माळावर जात. बांबूच्या तट्ट्या, कडब्याच्या पेंढ्या, तरटें, पत्रे, जें हातीं लागेल त्याच्या झोंपड्या उठत. पहिल्या दिवसाचा प्रश्न बरोबर काय घ्यावें हा. जोंधळ्याचीं पोतीं, जातें, तवा, पाण्याचे हंडे, अंथरुणें, देव्हाऱ्यांतले देव आणि गाईम्हशी एवढें निघे. दागिने कमरेस बांधले जात किंवा घरांतच पुरले जात, आणि मग रिकाम्या पेठेंत चोरी होईल या धास्तीनें घरचा एखादा पुरुष रोज दिवसा येऊन कुलूप हालवून पाही. वाऱ्यावर चूल पेटत नसे. सोंवळ्याओंवळ्याचे नियम चार तट्ट्यांच्या खोलींत कसे पाळावे, हा जुन्या बायकांपुढें रोगाहून मोठा पेंच होता, आणि तो त्यांनीं निरनिराळ्या घरांत निरनिराळ्या रीतीनें सोडविला. कोठें ओलेत्यानें स्वयंपाक चालू राहिला, कोठें ‘आपत्काल’ या एका शब्दावर वर्षानुवर्षांचा नियम बाजूस ठेवला गेला. मुलांस मात्र हा सारा काळ सुट्टीसारखा वाटे. ज्यांचें बालपण प्लेगच्या झोंपड्यांत गेलें अशांच्या आठवणींत मृत्यूच्या बरोबरीनें चांदणें आणि हुरडा हीं येतात, याचें आम्हांस नेहमीं आश्चर्य वाटत आलें आहे.

येथवर सांगितलें तें ज्यांच्याजवळ गाडी, बैल आणि माळावरची थोडी जागा होती त्यांचें. सोलापुरांत दुसरा एक मोठा वर्ग होता, त्याची अडचण निराळी. हातमागाचा विणकर खड्ड्यांत पाय सोडून माग चालवितो. तो माग जमिनींत रोवलेला. उचलून माळावर नेतां येत नाहीं. घर सोडलें कीं धंदा सुटला. ताणा अर्धा विणलेला, सुताची उधारी सावकाराची. अशा स्थितींत उंदीर पडला तरी तो केर म्हणून हळूच बाहेर टाकून माग चालू ठेवण्याचा मोह किती जणांस झाला असेल! गिरणीच्या मजुराचेंहि तसेंच. भोंगा झाला कीं जावयाचें, न गेल्यास रोज बुडाला. साथीच्या काळांत जे ‘अडाणी’ म्हणून दूषिले गेले त्यांतले पुष्कळ जण अडाणी नसून अडलेले होते, असें आमचें मत आहे.

रोगी लपविण्याचा दोष मात्र सर्व वर्गांकडे सारखाच जातो. रुग्णालयांत नेलेला माणूस परत येत नाहीं, तेथें परजातीचें पाणी पाजतात, बायकांच्या काखा-जांघा परके पुरुष तपासतात, या भीतीनें सुशिक्षित घरांनींहि आजारी माणूस माजघरांत दडविला. यांतली कांहीं भीति खोटी होती, कांहीं अगदीं खरी. टिळकांनीं पुण्यांत हिंदु लोकांसाठीं निराळें प्लेगचें इस्पितळ चालविलें. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं प्लेगनेंच गेल्या. ज्यांनीं भीति ओळखून उपाय योजले आणि ज्यांनीं ती चिरडूं पाहिली, त्या दोघांचे मार्ग तेव्हांच वेगळे दिसत होते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झास आमच्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. तिचा तडाखा इतका झपाट्याचा कीं घरास जुळवून घेण्यास अवधिच मिळाला नाहीं. जूनमध्यें मुंबईस सौम्य रूपानें आलेली साथ सप्टेंबरांत उग्र होऊन आगगाडीच्या वेगानें सर्वत्र फांकली. एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें गेलीं. त्या वर्षीं पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतें. प्लेगांत एक आजारी पडे आणि इतर त्याच्यापासून पळत. मानमोडींत सारें घर एकदम अंथरूण धरी. म्हातारीं आणि मुलें मागें ठेवून ती वीस ते चाळीस वर्षांचीं, कमावतीं माणसें उचलून नेई. पाणी कोणीं भरावें, पेज कोणीं शिजवावी, हा प्रश्न ज्या घरांत शेजाऱ्यानें सोडविला तें घर बहुधा वांचलें.

पुढील शंभर वर्षांत सोलापूर पार बदललें. जुनी गिरणी बंद पडली, भोंगे थांबले, यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल निघूं लागले, आणि शहराच्या पूर्वभागांतील हजारों बायका घरीं बसून विड्या वळूं लागल्या. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें कोरोनाकरितां जो कायदा हातीं घेतला, तो १८९७ चाच. पण त्याचा हुकूम अगदीं उलटा होता. प्लेगच्या वेळीं घर संशयित आणि माळ सुरक्षित. आतां घर सुरक्षित आणि रस्ता संशयित. पणजीस सांगितलें होतें, घराबाहेर पड. पणतीस सांगितलें, उंबरा ओलांडूं नकोस.

२२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. साखरगाठी कित्येकांस मिळाली नाहीं. कडुलिंबाचा डहाळा कोपऱ्यावरच्या झाडाचा, तोहि पोलिसांची नजर चुकवून आणलेला. सोलापूरच्या स्वयंपाकघरास मात्र टंचाईची संवय जुनी. रब्बीच्या जोंधळ्याचे ते सुगीचे दिवस. वर्षाची ज्वारी भरून ठेवण्याची रीत ज्या घरांत टिकून होती तीं घरें निश्चिंत राहिलीं, आणि ती रीत जुनाट म्हणून सोडून महिन्याचें पीठ पिशवींतून आणणारीं घरें पहिल्या आठवड्यांतच कासावीस झालीं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी या दोन पदार्थांस आम्ही एरवीं पाहुण्यांस भेट देण्याच्या वस्तु समजतों. त्या वेळीं कळलें कीं ते दीर्घकाळ टिकण्यासाठींच निर्माण झालेले आहेत. चैत्रांत पापड, कुरडया, शेवया गल्लींतल्या बायका मिळून करीत. त्या वर्षीं प्रत्येकीनें आपापल्या गच्चीवर एकटीनें केल्या आणि एकमेकींस हांक मारून मिठाचें प्रमाण विचारलें.

हात धुण्याची गोष्ट निराळी. दिवसांतून दहा वेळां वीस सेकंद हात धुवा, असें जगभर सांगितलें जात होतें, आणि सोलापुरांत नळास चार-पांच दिवसांआड पाणी! उजनीचें धरण जिल्ह्यांतच असून ही अवस्था. आमच्या घरीं हात धुतलेलें पाणी बादलींत साठवून तें फरशीस आणि मग झाडांस वापरण्याचा क्रम पहिल्याच आठवड्यांत ठरला. ज्या घरांत दहा माणसें आणि दोन पिंपें, तेथें काय ठरलें असेल तें सांगावयास नको.

१२ एप्रिलला शहरांत पहिला रुग्ण आढळला, तो पूर्वभागांत. बांबू आडवे बांधून पेठा बंद झाल्या. शंभर वर्षांपूर्वीं झोंपड्यांस लागले तेच बांबू. विडी वळणारीची गोष्ट येथें विणकराच्या गोष्टीस येऊन मिळते. कारखान्यांतून तेंदूचीं पानें आणि तंबाखू आणावयाची, घरीं कापून, वळून, बांधून परत नेऊन द्यावयाची आणि मोजून मजुरी घ्यावयाची. तिला घरांतच राहावयाचें होतें, घर हेंच तिचें कामाचें ठिकाण होतें. पण पानें येईनात. सूप रिकामें मांडीवर घेऊन बसलेली बाई घरांत सुरक्षित होती, हें सरकारी भाषेंत खरें होतें. एका खोलींत सहा माणसें, पुरुषांचा माग बंद, आणि मुलांची शाळा घरांतल्या एकुलत्या एका मोबाइलवर. माढें तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांस त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, याचा जिल्ह्यास अभिमान वाटला तो योग्यच. पण एका मोबाइलवर तीन भावंडें शिकवीत बसलेल्या आयांस कोणी पुरस्कार दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

सण सारे घरांत शिरले. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, २६ एप्रिलची बसवजयंती, मे महिन्याच्या अखेरीची ईद, हीं सोलापुरांत रस्ता व्यापणारीं दैवतें आणि दिवस. त्या वर्षीं तीं भिंतीवरच्या तसबिरीपुढें आणि घरांतल्या चटईवर साजरीं झालीं. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर १७ मार्चपासून दर्शनास बंद होतें. आषाढींत संतांच्या पादुका पायीं न येतां ३० जूनला एस. टी. च्या गाड्यांतून पंढरीस आल्या. वारकरी आपापल्या घरीं होते.

आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई राहतात. दरवर्षींप्रमाणें वाखरीपासून पंढरीपर्यंत तरी पायीं जाण्याचा त्यांचा नेम. १ जुलैच्या एकादशीस त्यांनीं पहाटे स्नान करून उंबऱ्यापासून परसांतल्या तुळशीवृंदावनापर्यंत फेऱ्या घालावयास सुरुवात केली, आणि प्रत्येक फेरीस भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढली. संध्याकाळपर्यंत चूल ते मोरी एवढी भिंत भरली. सुनेनें त्या रेघा बरेच दिवस तशाच राहूं दिल्या होत्या. दिवाळीला भिंतीस चुना दिला तेव्हां त्या त्याखालीं गेल्या.