कारी

अमृता पाटील यांची इंग्रजी ग्राफिक कादंबरी (हार्परकॉलिन्स इंडिया, २००८). दोन तरुणींचे प्रेम आणि त्यातल्या एकीचा स्वतःला स्वीकारण्यापर्यंतचा प्रवास हा तिचा विषय. लेखिकेचा जन्म पुण्याचा (१९७९), बालपण गोव्यातले. कलाशिक्षण गोवा कला महाविद्यालयात व पुढे बॉस्टन येथे.

कथानक : कारी आणि रूथ उंच इमारतींवरून उडी घेतात. रूथ जाळीमुळे वाचते आणि शहर सोडून जाते. कारी सांडपाण्याच्या गटारात पडून वाचते व मुंबईतच राहते. जाहिरात कंपनीतली नोकरी, मैत्रिणींबरोबरचे भाड्याचे घर, कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या एंजल या स्त्रीशी जडलेला स्नेह यांतून ती सावरते. रूथवरचे प्रेम उरते, तिच्यासाठी मरण्याची ओढ मात्र ओसरते.

चित्रशैली : कादंबरीचे खरे बळ येथे आहे. आरंभीच्या चित्राची रचना फ्रिदा काहलो हिच्या ‘द टू फ्रिदाज’ (१९३९) या चित्रावर बेतलेली आहे. काहलोच्या चित्रात एकाच स्त्रीची दोन रूपे शेजारी बसलेली असून त्यांची उघडी हृदये रक्तवाहिनीने जोडलेली आहेत; पाटील यांनी त्या जागी दोन प्रेमिका आणल्या. विरहाचे दुःख त्यामुळे पहिल्या संवादाआधीच वाचकाला दिसते. बहुतेक पाने काळी-पांढरी. रंग मोजक्या जागी येतो आणि म्हणूनच ठसतो. संवादाच्या फुग्यांपेक्षा कारीच्या स्वगताला अधिक जागा आहे.

मराठी संदर्भ : विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाने स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम मराठी रंगभूमीवर आणले; मित्रा या नायिकेची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. मित्राची कहाणी बापू हा तिचा मित्र सांगतो आणि ती आत्महत्येत संपते. कारी आपली कहाणी स्वतः सांगते आणि ती आत्महत्येच्या प्रयत्नापासून पुढे सुरू होते. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने कादंबरीचे महत्त्व मुख्यतः या बदलात आहे.

कारीला ‘लेस्बियन’ म्हणावे काय, याचे उत्तर कादंबरी ठामपणे देत नाही. एंजलविषयीच्या ओढीचा अर्थही निरनिराळ्या प्रकारे लावता येतो.

कायदा : प्रकाशनसमयी समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ पूर्णपणे लागू होते. प्रौढांचे संमतीने होणारे खासगी समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यातून वगळले.

लेखिकेचे इतर ग्रंथ : आदि पर्व (२०१२), सौप्तिक (२०१६), आरण्यक (२०१९, देवदत्त पट्टनायक यांच्यासह).