तंतुकणिका आणि चयापचयाचे विकार

तंतुकणिका म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया. साखर व मेदाम्ले ऑक्सिजनच्या साहाय्याने वापरून पेशीसाठी एटीपी हे ऊर्जाद्रव्य बनवणे हे त्यांचे मुख्य काम. ते मंदावले की स्नायूंत आणि यकृतात मेद साठतो व इन्सुलिनचा प्रभाव घटतो (इन्सुलिनरोध), असे मानले जाते. पण कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा वाद मिटलेला नाही. मेयो क्लिनिकच्या 2008च्या अभ्यासात इन्सुलिनला कमी दाद देणाऱ्या भारतीयांच्या तंतुकणिका उत्तर युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपेक्षा अधिक कार्यक्षम निघाल्या!

इन्सुलिनरोधाशी पोषणाचाही संबंध दिसतो. पुणे जिल्ह्यातल्या 6 खेड्यांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993पासून गर्भवतींचा अभ्यास केला. बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, किडकिडीत, तरी चरबी राखून असलेली. ज्या मातांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध सर्वाधिक आढळला. ब-12 तंतुकणिकेतील एका विकराला (एन्झाइमला) लागते. ते कमी पडल्यास मेदाचे ज्वलन अडखळत असावे. भाकरी-पिठल्यात ते नसतेच, दूध-अंडी-मटणात असते.

तंतुकणिकेच्या डीएनएतील 3243 क्रमांकाच्या जागेवरील बदलाने बहिरेपणासह मधुमेह होतो. हा दोष फक्त आईकडून येतो.