हयातीचा दाखला

बँकेतल्या कारकुनाचा सहीवर विश्वास नसतो. नमुन्याच्या कार्डाशी ताडून पाहिल्याशिवाय तो सख्ख्या भावाचीही सही खरी मानायचा नाही. त्यामुळे नटनट्यांच्या सह्या जमवणाऱ्यांचं मला कधी कौतुक वाटलं नाही. पण परमवीर चक्राच्या मानकऱ्यांच्या सह्या फोटोवर, टपालाच्या पाकिटावर गोळा करणारे काही हौशी असतात. त्यांचं खातं मात्र मी मुद्दाम उघडून पाहिलं.

हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं. लागू मात्र १५ ऑगस्ट १९४७ पासून. त्याची आखणी सावित्रीबाई खानोलकरांची. बाई जन्मानं युरोपियन, लग्नानं आपल्या. आजवरची पदकं २१. पैकी मरणोत्तर १४. म्हणजे संग्राहकानं पोस्टाच्या तिकिटांवर कितीही खर्च केला, तरी सह्या मिळण्याजोगे उरतात सातच!

पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला त्यांचा एक हात प्लास्टरमध्ये होता. उरलेल्या हातानं ते मशीनगनच्या मॅगझिनी भरून जवानांना देत होते. सही द्यायला तो हात मोकळा झालाच नाही.

सातांतही गंमत आहे. १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढणारे आपले कारवारकडचे रामा राघोबा राणे सरळ हिशेबातले. पण मेजर धनसिंग थापांचं नाव १९६२ मध्ये मृतांत गेलं, आणि ते निघाले चिन्यांच्या कैदेत! १९९९ मध्ये टायगर हिलवर लढलेल्या योगेंद्रसिंग यादवांचंही पदक आधी मरणोत्तर म्हणूनच जाहीर झालं. जवान इस्पितळात, आणि कागदावर स्वर्गवासी! गेला होता तो त्याच नावाचा दुसरा जवान. एका नावाची दोन खाती म्हटली की आमच्याकडेही घोळ होतो, पण तो संध्याकाळी टॅली जुळवताना निस्तरतो. इथं एका घरात आनंद जमा झाला, तो दुसऱ्या घरच्या नावे टाकून.

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला आमच्या खिडकीशी रांग लावतात आणि कुरकुरतात, 'अहो, मी समोर उभा आहे ना?' या दोघांची गोष्ट कळल्यापासून मी तो कागद जरा अदबीनं घेतो.

संग्राहकांना माझी एकच सूचना. आल्बममध्ये सातच पानं लावू नका. आणखी १४ कोरी पानं ठेवा. बिनसहीचा चेक आम्ही परत करतो खरा, पण या पानांना तो नियम नाही. त्यांची रक्कम आधीच चुकती झालेली आहे.