रेडिएटरमधले पाणी : तापणाऱ्या इंजिनाचा इतिहास आणि निदान

प्रस्तावना

जूनच्या दुपारी गाझियाबादहून दिल्लीकडे जाणारी वाहतूक खोळंबली, की एखादी मोटार बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी दिसते. चालकाच्या हातात पाण्याची बाटली असते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून तुम्ही या दृश्याकडे पुरावा म्हणून पाहा. यंत्र बदलते, पण ते हाताळण्याची सवय मागच्या पिढीची राहते. ही सवय कोठून आली आणि आज ती का महागात पडते, हे या पाठात पाहू.

१. पाणी : खर्चाचे की फिरते?

पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच उपयोगी काम करतो. उरलेली बरीचशी उष्णता धुराबरोबर आणि सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर पडते. कार्ल बेंझच्या १८८६च्या मोटारीत भिंतींभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई. म्हणजे पेट्रोलप्रमाणे पाणीही खर्च होई आणि ते वारंवार भरावे लागे.

विल्हेल्म मायबाख यांनी १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि सुमारे ९ लिटर पाणी पुरत असे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरू लागले. येथून एक महत्त्वाचा फरक पडला : पाणी कमी होणे ही रोजची बाब न राहता हळूहळू बिघाडाची खूण ठरू लागली.

२. घाटाने लावलेली सवय

मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला, तो बैलगाड्या आणि घोडागाड्यांसाठी. पुढे त्याच चढावर मोटारी आल्या. चढावर इंजिनावर भार सर्वाधिक असतो, पण गाडीचा वेग कमी असल्याने समोरून येणारा वारा अपुरा पडतो. अँबॅसॅडरसारख्या गाड्यांत पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. इंजिन मंद चालले की पंखाही मंद होई. म्हणून डिकीत पाण्याचा डबा आणि जादा फॅनबेल्ट ठेवणे, चढ संपला की थांबणे, पाणी घालणे हे शहाणपणाचे होते.

याच काळात आणखी एक प्रथा रुजली : थर्मोस्टॅट काढून टाकणे. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. ती बंद अवस्थेत अडकली की इंजिन तापते. ‘उष्ण देशात तिची गरजच काय?’ असे म्हणून अनेक मेकॅनिक ती काढून ठेवत.

३. यंत्र बदलले

डिसेंबर १९८३मध्ये गुडगावहून मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचा पंखा विजेवर चाले आणि पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की सुरू होई. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे होते.

दुसरा बदल न्यायालयातून आला. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील नव्या खासगी मोटारींसाठी १ जून १९९९पासून युरो-१ आणि १ एप्रिल २०००पासून युरो-२ निकष लागू केले. गाझियाबाद या परिसरातच येते. कार्ब्युरेटर मागे पडला आणि किती इंधन सोडायचे हे संगणक ठरवू लागला. त्यासाठी तो इंजिनातील पाण्याचे तापमान वाचतो. थर्मोस्टॅट काढला तर इंजिन थंडच आहे असे समजून तो जास्त पेट्रोल सोडतो. काल उपाय असलेली गोष्ट आज बिघाड झाली.

४. निदान : ‘केव्हा तापते?’

इतिहासात आपण घटना केव्हा घडली हे आधी विचारतो. इथेही तेच करा.

• थांबलेल्या गाडीत तापते, धावू लागली की निवळते : पंख्याचा फ्यूज, रिले, मोटर आणि तापमानाचा स्विच तपासा.
• शहरात ठीक, महामार्गावर तापते : रेडिएटर क्षाराने किंवा धुळीने तुंबला असेल, अथवा पाण्याचा पंप कमजोर असेल. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने क्षार साचतो.
• सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, पण रेडिएटर गारच : थर्मोस्टॅट बंद अडकला असावा. तो बदला, काढून टाकू नका.
• गळती दिसत नाही, तरी कूलंट घटते. पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ दिसते : हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. गाडी चालवू नका, टो करून न्या.

काटा लाल खुणेकडे गेला की एसी बंद करा, गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि इंजिन बंद करा. झाकण लगेच उघडू नका. बंद यंत्रणेत हवेच्या दाबावर आणखी सुमारे एक वातावरण दाब असेल, तर पाणी १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, तेच पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि चेहरा, हात भाजतात. किमान अर्धा तास थांबा. तापलेल्या हेडमध्ये थंड पाणी ओतल्यास ते वाकू किंवा तडकू शकते. इंजिन निवल्यावर पातळी पाहा, गळती शोधा आणि कंपनीने सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरा.

सारांश

पाण्याची बाटली हा अडाणीपणा नव्हे. एका काळाच्या यंत्राला दिलेले ते योग्य उत्तर होते. मात्र आज त्या बाटलीने गाडी घरापर्यंत नेली, तरी पाणी का कमी झाले हा प्रश्न तसाच राहतो.

स्वाध्याय

१. बोरघाटातील चढ आणि गाझियाबादची कोंडी यांत इंजिन तापण्याच्या कारणांची तुलना करा.
२. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या मेकॅनिकशी बोला. यंत्र बदलूनही टिकलेल्या दोन सवयी नोंदवा आणि त्या मूळच्या कोणत्या यंत्रासाठी होत्या ते शोधा.