चंद्र पडत का नाही?

वर फेकलेला दगड खाली येतो, देठापासून सुटलेले फळ खाली येते, कड्यावरून निसटलेला धोंडा दरीत जातो. मग एवढा प्रचंड चंद्र निराधार अवकाशात असताना तो मात्र आपल्यावर कोसळत का नाही? लहान मुलाने विचारावा असा हा प्रश्न आहे. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर सापडण्यास मनुष्यजातीला दोन हजार वर्षे लागली. उत्तर असे की, चंद्र पडतो. तो अखंड पडतच असतो. हे विधान चमत्कारिक वाटते खरे. म्हणूनच ते सिद्ध कसे झाले, याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने भूलोक आणि खगोल यांच्यामध्ये एक भिंतच उभी केली होती. पृथ्वीवरील जड वस्तूंचा स्वभाव खाली पडण्याचा आणि आकाशस्थ ज्योतींचा स्वभाव वर्तुळात फिरण्याचा, अशी त्याची वाटणी होती. स्वभावच म्हटल्यावर कारण विचारण्याची सोय राहत नाही. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या ठिकाणी आकर्षणशक्ती असून तीमुळे जड पदार्थ तिच्याकडे ओढले जातात, आणि आपणांस ते पडल्यासारखे दिसतात, असे स्वच्छ सांगितले आहे. हा विचार निःसंशय थोर होता. तथापि ती शक्ती चंद्रापर्यंत पोहोचते काय, आणि अंतराप्रमाणे ती किती क्षीण होते, हा प्रश्न तेथे उपस्थित झाला नाही. आकाशातील ज्योतींच्या दैनंदिन भ्रमणासाठी आपल्या ज्योतिषांनी प्रवह नावाचा वायू कल्पिला होता. सारांश, पडणे वेगळे आणि फिरणे वेगळे, ही समजूत सर्वत्र सारखीच होती.

ही भिंत पाडण्यासाठी प्रथम वर्तुळाकार गती म्हणजे काय, हे कळणे अवश्य होते. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार आपण डोळ्यांपुढे आणू. गोफणीतील दगड आपला हात बाहेर ओढीत आहे, असे त्यास वाटते. यावरून फिरणाऱ्या वस्तूत केंद्रापासून दूर पळण्याची प्रवृत्ती असते, असा निष्कर्ष फार दिवस काढला जात असे. परंतु गोफणीची एक दोरी सोडताच काय होते? दगड हाताच्या विरुद्ध दिशेने, सरळ बाहेर उडत नाही. सुटण्याच्या क्षणी तो ज्या दिशेने चालला होता, त्याच दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेने जातो. याचा अर्थ उघड आहे. दगडाला स्वतः होऊन फक्त सरळ जावयाचे असते. त्याला क्षणोक्षणी वाकवून वर्तुळावर ठेवण्याचे काम दोरी करते, आणि ती त्याला आत ओढते.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, वस्तूची स्वाभाविक गती सरळ रेषेतच असते, हे गोफणीच्याच दृष्टान्ताने मांडले. हॉलंडच्या हायगेन्सने १६५९ मध्ये या ओढीचे गणित केले. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. वेग तोच राहून वर्तुळ दुप्पट मोठे झाले तर ओढ निम्मी होते. पण या दोघांचीही दृष्टी बाहेर पळण्याच्या प्रवृत्तीवरच खिळलेली होती. हायगेन्सने त्या प्रवृत्तीला दिलेले केंद्रोत्सारी प्रेरणा हे नाव आजही प्रचारात आहे.

१६६५ मध्ये इंग्लंडमध्ये प्लेगची साथ पसरली आणि केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडले. आयझॅक न्यूटन नावाचा बावीस वर्षांचा तरुण आपल्या वूल्सथॉर्प या खेडेगावी परतला. हायगेन्सचे काम त्या वेळी छापलेले नव्हते. न्यूटनने तेच गणित स्वतंत्रपणे शोधून काढले. त्याच दशकात त्याने पृथ्वीवरील गुरुत्वाची तुलना चंद्राच्या दूर जाण्याच्या प्रवृत्तीशी केली. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे साठ भूत्रिज्या दूर आहे. आपण एक भूत्रिज्या दूर आहोत. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर चंद्रापाशी ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पट क्षीण असली पाहिजे. न्यूटनचे उत्तर मात्र चार हजारांच्याही वर गेले. कारण त्याने पृथ्वीचे जे माप गृहीत धरले होते, तेच मुळात लहान होते. कागद बाजूला पडले.

पुढे दोन गोष्टी घडल्या. पहिली फ्रान्समध्ये. तेथील पिकार या ज्योतिर्विदाने पॅरिसच्या परिसरात त्रिकोणांची साखळी घालून अक्षांशाच्या एका अंशाची लांबी मोजली आणि १६७१ मध्ये ती प्रसिद्ध केली. पृथ्वीचा खरा आकार त्यामुळे भरवशाने हाती आला. दुसरी गोष्ट लंडनमध्ये. रॉयल सोसायटीचे सचिव रॉबर्ट हूक यांनी नोव्हेंबर १६७९ मध्ये न्यूटनला पत्र लिहून एक कल्पना पुढे ठेवली: ग्रहाची गती म्हणजे स्पर्शरेषेतील सरळ गती आणि मध्यवर्ती पिंडाकडे होणारे आकर्षण या दोहोंचा संयोग मानला तर? या एका वाक्याने प्रश्नच फिरला. ग्रह बाहेर का पळत नाही, असे आजवर विचारले जात होते. आता, त्याला आत कोण ओढते, असे विचारावयाचे होते. जानेवारी १६८० मधील पत्रात, ही ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असावी, असा आपला तर्कही हूकने कळविला.

परंतु तर्क वेगळा आणि सिद्धता वेगळी. अशा ओढीखाली ग्रहाचा मार्ग कोणता होईल, हे गणिताने दाखविणे हूकला साधले नाही. ऑगस्ट १६८४ मध्ये एडमंड हॅले मुद्दाम केंब्रिजला गेला आणि हाच प्रश्न त्याने न्यूटनला विचारला. लंबवर्तुळ, असे उत्तर तत्काळ आले. हे कशावरून, असे विचारता, मी ते गणिताने काढले आहे, असे न्यूटनने सांगितले. पण तो कागद मात्र सापडेना. नोव्हेंबरमध्ये त्याने नव्याने लिहून एक लहानसा निबंध पाठविला. त्याचाच विस्तार होऊन १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ हा लॅटिन ग्रंथ प्रकट झाला. रॉयल सोसायटीने आपला पैसा माशांवरील एका सचित्र ग्रंथात घालविलेला असल्याने छपाईचा खर्च हॅलेने स्वतःच्या खिशातून केला.

या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात चंद्राची कसोटी पुन्हा घेतलेली आहे. चंद्राची प्रदक्षिणा २७ दिवस ७ तास ४३ मिनिटांची, अंतर साठ भूत्रिज्यांचे, आणि पृथ्वीचे माप फ्रेंचांनी घेतलेले. यावरून, आपली सरळ वाट सोडून चंद्र एका मिनिटात पृथ्वीकडे किती वळतो, हे न्यूटनने काढले. ते भरले पॅरिसच्या मापाने १५ फूट १ इंच. पृथ्वीवर सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात किती पडते? हायगेन्सने लंबकाच्या साह्याने हे काढले होते: १५ फूट १ इंच! ओढ ३६०० पट क्षीण. पण पतन काळाच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि मिनिटात सेकंद साठ. म्हणून फळाचा एक सेकंद तो चंद्राचा एक मिनिट. आजच्या मापाने सांगावयाचे, तर चंद्र दर सेकंदाला सुमारे एक किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्या वेळात अवघा सव्वा मिलिमीटरहून किंचित अधिक पृथ्वीकडे पडतो. जितका तो पडतो, तितकीच खालची गोल पृथ्वीही दूर वळत जाते. म्हणून पडूनही तो पोहोचत नाही. भूलोक आणि खगोल यांच्यामधील भिंत या एका गुणाकाराने कोसळली.

या यशाला एक कडवट बाजूही आहे. ग्रंथ छापला जात असताना, आपले ऋण मान्य व्हावे, असा आग्रह हूकने धरला. न्यूटन इतका संतापला की, तिसरा भाग दाबून ठेवण्याची भाषा त्याने केली. हॅलेने समजूत घातली म्हणून तो वाचला. हूकचा उल्लेख ग्रंथात अत्यंत त्रोटक राहिला. १७०३ मध्ये हूक निवर्तला आणि त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. आज निवाडा करावयाचा, तर असे म्हणावे लागेल की, वाट हूकने दाखविली, ती चालून न्यूटन मुक्कामी पोहोचला, आणि ज्याच्या मापाने मुक्काम ओळखता आला तो पिकार. सिद्धतेचा मान न्यूटनचाच. परंतु उरलेल्या दोघांची नावे विसरणे हा कृतघ्नपणा होईल.

एवढे मोठे आकर्षण रिकाम्या अवकाशातून पोहोचते कसे, हे मात्र न्यूटनलाही सांगता आले नाही, आणि त्याविषयी केवळ कल्पना लढविण्याचे त्याने नाकारले. पुढे एकोणिसाव्या शतकात फॅरेडेने विद्युत्-चुंबकत्वाच्या अभ्यासातून क्षेत्राची कल्पना पुढे आणली. तिला अनुसरून पाहिले, तर पृथ्वीभोवतीच्या प्रत्येक बिंदूपाशी ठराविक दिशेची व ठराविक प्रमाणाची ओढ असते, आणि चंद्र जेथे असेल तेथल्या ओढीप्रमाणे वळतो. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने त्याही पुढे जाऊन ही ओढ म्हणजे अवकाश आणि काळ यांचीच वक्रता होय, असे प्रतिपादन केले.

अवकाशयानात माणसे तरंगताना पाहून, तेथे गुरुत्वाकर्षण नसते, असे अनेक सुशिक्षित लोक आजही समजतात. वस्तुतः पृष्ठभागापासून चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ येथल्या ओढीच्या जवळजवळ नऊ-दशांश असते. यान आणि आतील माणसे बरोबरच पडत असतात, म्हणून माणसांचे वजन यानाच्या तळावर येत नाही. उंच पर्वतावरून पुरेशा वेगाने गोळा डागला तर तो पृथ्वीभोवती फिरतच राहील, हे न्यूटनने लिहून ठेवले होते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुट्निकने ते खरे करून दाखविले. चांद्रयान-३ हे ५ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या कक्षेत शिरले, ते आपला वेग मोजून कमी करून. आणि २३ ऑगस्टला अलगद उतरले, तेही वेग आवरूनच. चंद्राभोवती फिरत राहणे आणि चंद्रावर उतरणे, दोन्ही पडण्याचेच प्रकार होत. कोणता घडावयाचा, हे वेगाचा हिशेब ठरवितो.